तो स्टॅम्पपेपर घडी घालून खिशात ठेव

बस खाली. साक्षीदार म्हणून मी सही करणार नाही, आणि हाच कागद घेऊन दुसऱ्या कुणाच्या दारात गेल्याचं कानावर आलं तर पुन्हा माझ्या ओसरीवर पाय ठेवू नकोस.

सातबाऱ्यावर नावातला एक काना चुकला तर घनसावंगीला तहसीलच्या चकरा मारतोस. आणि लग्न मोडायचं तर टायपिंगच्या दुकानात अर्धा तास बसलं की झालं? ‘आजपासून आमचा नवरा-बायकोचा संबंध राहिला नाही’ असं लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे संबंध संपला? घटस्फोट द्यायचा अधिकार नोटरीला नाही, सरपंचाला नाही, बैठकीला जमलेल्या पाहुण्यांनाही नाही. ‘आपल्यात पूर्वीपासून फारकत होते’ हे मला ऐकवू नकोस. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ने रूढी राखली आहे, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. तुझ्याकडे पुरावा काय, आजोबा सांगायचे हा?

यमुनाबाई आढाव हे नाव ऐकलंयस? आपल्याच महाराष्ट्रातली बाई. १९७४मध्ये तिचं रीतीप्रमाणे लग्न लागलं. नवऱ्याची पहिली बायको हयात होती आणि ते लग्न कायद्याने मोडलेलं नव्हतं. पुढे यमुनाबाईने पोटगी मागितली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८८मध्ये निकाल लागला: पहिलं लग्न कायम असताना झालेलं दुसरं लग्न रद्दबातल, म्हणून ही बाई कायद्याने बायकोच नव्हे, म्हणून पोटगी नाही. तिचा काय गुन्हा होता रे? उद्या तू ह्या कागदाच्या जोरावर दुसरी मुलगी घरात आणलीस, तर तिचंही लग्न असंच रद्दबातल. तुझ्यावर ७ वर्षांपर्यंतच्या कैदेचं कलम लागेल ते वेगळंच.

आता तुझ्या कागदातली तिसरी ओळ वाच. ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत.’ कुणी सुचवली ही? संमतीने वेगळी राहणाऱ्या बायकोला पोटगी मागता येत नाही, असं कायदा म्हणतो. कोर्टातून रीतसर संमतीचा घटस्फोट झालेल्या, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या बाईला मात्र ती दुसरं लग्न करेपर्यंत पोटगी मागता येते. सुप्रीम कोर्टाने १९९५मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे ह्या कागदाने ती बायको म्हणून अडकलेली राहील आणि तिची पोटगीही अडवली जाईल. तिने सही केली तेव्हा खोलीत कोण कोण होतं, ते सांग आधी. मान खाली घालू नकोस, सांग.

कोर्टात अब्रूचे धिंडवडे निघतात म्हणतोस. अरे, ते भांडणाच्या दाव्यात. १९७६मध्ये कायद्यात कलम १३-ब आलं, ते तुमच्यासारख्यांसाठीच. कुणी कुणावर चिखल उडवायचा नाही. दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा: वर्षभर किंवा जास्त वेगळे राहतो, एकत्र नांदणं शक्य नाही, लग्न संपवायचं दोघांनी ठरवलंय. पोटगी, तिचे दागिने, लेकरू कुणाकडे राहणार, हे सगळं आधी लिहून काढायचं. मग ६ महिने थांबायचं. तुम्ही दीड वर्षाहून जास्त वेगळे आहात, समेटाचे प्रयत्न फसलेत, देण्याघेण्याचं खरोखर मिटलं असेल तर ते ६ महिने माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे. २०१७चा निकाल आहे तसा. आणि हुकूम होईपर्यंत तिला संमती मागे घेता येते. तुला हे जाचतं, दिसतंय मला. जाचू दे. संमती खरी आहे की दडपून घेतलेली, हे न्यायाधीश स्वतः तपासतात, आणि तपासलंच पाहिजे.

पैशाचं कारण सांगू नकोस. जालन्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे तू तिला सांगितलं नाहीस. मी आजच तिच्या वडिलांना फोन करून सांगणार आहे.

लग्नाचे फोटो, पत्रिका, दोघांची आधार कार्डं काढून ठेव. तिने स्वतःचा वकील बघितल्यावरच अर्जाला हात लावायचा. आणि तुझ्यासाठी स्थळं बघायला अंबडकडे निघालेल्या त्या मामाला आज संध्याकाळी घरी बोलावून घे. कोर्टाचा हुकूम हातात पडून अपिलाची मुदत संपेपर्यंत कुठल्याही मुलीच्या घरी चहाला जायचं नाही.