सुरी तपासणारे डोळे

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे कत्तल करणाऱ्याला 'शोखेत' म्हणतात. जनावराच्या गळ्यावर सुरी चालवण्याआधी तो तिची धार आपल्या नखावर फिरवून पाहतो. जराशी खाच लागली तरी ती सुरी बाजूला. कत्तलीनंतर जनावराची फुप्फुसं चाचपून पाहायची, रक्त निघून जावं म्हणून मांस भिजवायचं, मीठ लावून ठेवायचं, दुधाच्या भांड्यांशी त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. या सगळ्यावर नजर ठेवायला धर्मसंस्थेचा निरीक्षक असतो, 'मशगियाख'. त्याचं समाधान झालं तरच मालावर कोशरचा, म्हणजे धर्माला चालणाऱ्या अन्नाचा, शिक्का बसतो. अलिबाग-पेणच्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांत खवले आणि पर असलेलाच मासा आणतात, मटणाच्या रश्शाला दुधादह्याऐवजी नारळाचा रस लावतात. तेव्हा हे नियम आपल्याला अगदीच परके नाहीत.

मला विचारात पाडतो तो निरीक्षक. तो कारखान्याच्या मालकाचा नोकर नसतो आणि तरीही रोज आत जातो. त्यानं नेमकं काय काय पाहायचं?

अमेरिकेत हा प्रश्न फार कडवट होऊन पुढे आला. आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या लहानशा गावात 'अ‍ॅग्रिप्रोसेसर्स' नावाचा कारखाना होता, देशातला सगळ्यात मोठा कोशर कत्तलखाना. १२ मे २००८ रोजी तिथे सरकारी छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले. बहुतेक ग्वाटेमालातून आलेले गरीब लोक, कागदपत्रं खोटी. वॉटर्लू शहरात गुरांच्या प्रदर्शनाचं मैदान आहे. या कामगारांचे खटले तिथेच, गटागटानं, काही दिवसांत उरकले. बहुतेकांना पाच महिने कैद झाली आणि नंतर हद्दपारी. मग आतल्या गोष्टी बाहेर येऊ लागल्या: जादा तासांचे पैसे न मिळणं, अपुरं प्रशिक्षण, धारदार यंत्रांवर कामाला लावलेली अठरा वर्षांखालची मुलं. कारखान्याच्या प्रमुखाला बालकामगारांच्या आरोपांतून २०१० मध्ये ज्यूरीनं निर्दोष सोडलं, हेही सांगितलं पाहिजे. त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली ती बँकेच्या फसवणुकीबद्दल. पण ती मुलं तिथे काम करत होती. आणि त्याच इमारतीत, त्याच वेळी, कुणीतरी सुरीची धार नखावर फिरवून पाहत होतं.

यावर शिक्का देणाऱ्या संस्थांचं म्हणणं असं, की आमचा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मांस तपासण्यात तयार झालेला असतो, हजेरीपट तपासण्यात नाही. मजुरीसाठी सरकारचे कायदे आहेत, निरीक्षक आहेत. हे म्हणणं मला सहज उडवून लावता येत नाही. शिक्क्यात एकदा नीतिमत्ता शिरली की ती कुणाची, किती, हे ठरवणार कोण? आज मजुरी, उद्या मालकाचं राजकारण. खाण्याचा शिक्का खाण्यापुरता ठेवण्यात एक प्रामाणिकपणाही आहे.

तरीही मन मानत नाही, कारण दिवसभर राबलेल्या गरिबाची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, हा नियमही तोरा या ज्यू धर्मग्रंथाचाच. सुरीच्या नियमांना आणि मजुरीच्या नियमाला आधार एकाच ग्रंथाचा. तल्मूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात एक हकीकत आहे. हमालांच्या हातून दारूचं पिंप फुटलं म्हणून रब्बा बार बार हाना या पंडितानं त्यांचे अंगरखे ठेवून घेतले. हमाल राव या गुरूकडे गेले. रावनं अंगरखे परत करायला लावले. आम्ही दिवसभर राबलो, उपाशी आहोत, हातात काही नाही, असं हमाल म्हणाले, तेव्हा वर मजुरीही द्यायला लावली. पंडितानं दोन्ही वेळा विचारलं, हा कायदा आहे का? राव हो म्हणाला. एकोणिसाव्या शतकातल्या रब्बी इस्रायल सालांतेर यांच्याबद्दलही असंच सांगतात. पासओव्हर सणाच्या रोट्या भाजल्या जातात तिथे कशावर लक्ष ठेवू, असं शिष्यांनी विचारलं. त्यांनी सांगितलं, कणीक मळणाऱ्या विधवेवर कुणी ओरडणार नाही एवढं पाहा. ही गोष्ट घडली की रचली गेली, याला फारसं महत्त्व नाही. ती रब्बींच्याच घरातली आहे, कुठल्या कामगार संघटनेची नाही.

पोस्टव्हिलनंतर काही तरुण ऑर्थोडॉक्स ज्यूंनी 'उरी ल'त्झेदेक' या आपल्या संस्थेतर्फे २००९ मध्ये 'ताव हायोशेर' नावाची वेगळी मान्यता सुरू केली. ती कोशर उपाहारगृहांसाठी, आणि विनामूल्य. किमान वेतन, जादा तासांचे पैसे, विश्रांती, सुरक्षित जागा: कायदा जेवढं मागतो तेवढंच तिनंही मागितलं. कोशरचा शिक्का तिनं रद्द केला नाही, त्याच्या शेजारी दुसरा लावला. तिची ही माफक मागणीच मला पटते. 'राजकारण कुठवर' या शंकेलाही तिथे जागा उरत नाही.

पण वेगळा शिक्का स्वेच्छेचा असतो. ज्याचं सगळं ठीक आहे तोच तो मागायला येतो. पोस्टव्हिलसारख्या कारखान्यात रोज जाणारा निरीक्षक मूळ शिक्क्याचाच असतो. त्यानं हजेरीपट तपासावा असं मी म्हणत नाही. करवतीवर उभं असलेलं पोर त्याला दिसलं, तर ते आपल्या संस्थेला लेखी कळवणं त्याच्या कामाचा भाग असावा, आणि देशाचा मजुरी कायदा मोडला तर शिक्का जाईल असं एक कलम कारखान्याशी होणाऱ्या करारात असावं. धर्मशास्त्रात त्यासाठी नवं काही घालायला नको.