‘अर्थसी’चा जादूगार आणि वाचकांचे दुमत

उर्सुला के. ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पार्नासस प्रेस या लहानशा प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी तिला बोस्टन ग्लोब–हॉर्न बुक पुरस्कार मिळाला. तरीही तिच्याविषयी वाचकांचे एकमत कधी झाले नाही. एका वाचकाला जी कादंबरी गंभीर, नितळ आणि जन्मभर सोबत करणारी वाटते, तीच दुसऱ्याला कोरडी आणि माणसांपासून अंतर राखणारी वाटते. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मोठे होणे म्हणजे काय आणि त्याची कथा कोणत्या सुरात सांगावी, याविषयीच्या दोन भिन्न अपेक्षा या दुमताच्या मुळाशी आहेत. शिवाय वाचकांच्या आक्षेपांपैकी एक इतका खरा होता की लेखिकेने तो मान्य करून आपल्याच जगाची फेरमांडणी केली.

कोवळ्या वयातील व्यक्तीचे प्रौढ होणे हाच जिचा मुख्य विषय असतो, अशा कादंबरीला जर्मन समीक्षेने ‘बिल्डुंग्सरोमान’, म्हणजे घडणीची कादंबरी, म्हटले. फॅन्टसीत, म्हणजे स्वतःचे नियम असलेल्या कल्पित जगाच्या कथेत, हा विषय आणण्याची संधी ले ग्विन यांना काहीशी बाहेरून आली. पार्नासस प्रेसच्या हर्मन शाइन यांनी त्यांच्याकडे थोड्या मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितले. तोवरच्या कथांतले जादूगार बहुधा पांढऱ्या दाढीचे वृद्ध असत. हे वृद्ध कधीतरी तरुण असतील, तर त्यांनी आपली विद्या कोठून मिळवली आणि शिकताना त्यांच्या हातून काय चुकले असेल, या प्रश्नातून कादंबरी आकाराला आली. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या या कन्येने त्यासाठी शेकडो बेटांचा एक समुद्रप्रदेश कल्पिला, आणि त्यातील लोकांची गाणी, सण, व्यापार व समजुती अशा सहजतेने लिहिल्या की ते जग कथेच्या आधीपासून नांदत असावे, असे वाटते.

कथा गॉन्ट बेटावरील गेड या मुलाची आहे. अर्थसीमध्ये प्रत्येक वस्तूला आणि व्यक्तीला एक खरे नाव असते, ते आद्य भाषेत असते आणि ज्याला ते कळते त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव अगदी विश्वासातल्या व्यक्तीलाच सांगतात. रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत शिकणारा गेड हुशार पण मानी आहे. एका सहाध्यायाने डिवचल्यामुळे तो मृताचा आत्मा बोलावून दाखवतो, त्या क्षणी जगाला पडलेल्या भेगेतून एक सावली बाहेर येते, त्याचा चेहरा कायमचा विद्रूप करते, आणि ती भेग सांधताना शाळेचे वृद्ध महाजादूगार प्राण गमावतात. पुढे गेड त्या सावलीपासून पळत राहतो; त्याचा पहिला गुरू ओजिअन त्याला पाठ न दाखवता तिच्याकडे वळायला सांगतो, तेव्हा तो तिचा पाठलाग करू लागतो, आणि अखेर भर समुद्रात तिला नाव देतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते.

या कथेला नावे ठेवणाऱ्यांचा पहिला आक्षेप निवेदनाविषयी आहे. संवाद थोडे, प्रवासाची वर्णने पुष्कळ, आणि पात्रांच्या मनात शिरण्याऐवजी त्यांच्याविषयी सांगणारा निवेदक, यांमुळे गेडविषयी जिव्हाळा वाटत नाही, असे अनेक वाचक म्हणतात. निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटण्याजोगा नाही. गेड पुढे महाजादूगार झाला आणि त्याच्यावर गाणी रचली गेली, हे निवेदक आरंभीच सांगून टाकतो. ही हकीकत मात्र त्या गाण्यांच्या आधीची आहे. म्हणजे पराक्रमाचे पोवाडे ज्या पुरुषाविषयी गायले जातील, त्याने लाजिरवाण्या चुकीची किंमत कशी मोजली, हे सांगण्यासाठी लेखिकेने पोवाड्याचाच गंभीर सूर निवडला आहे. नायक वाचेल की नाही ही उत्कंठा तिने आपण होऊन सोडून दिली, आणि तो कोण होऊन वाचेल एवढाच प्रश्न शिल्लक ठेवला. हाच सूर लेखिकेने सोडला असता तर सावलीचा प्रसंग भुताच्या गोष्टीसारखा उथळ झाला असता.

दुसरा आक्षेप विशेषतः ‘हॅरी पॉटर’नंतरच्या पिढीचा आहे. जादूच्या शाळेतली मैत्री, स्पर्धा आणि खोड्या यांची सवय झालेला वाचक रोकच्या शाळेत रमू पाहतो, परंतु दहा प्रकरणांपैकी जेमतेम दोन तिथे घडतात. त्याला खलनायक हवा असतो, आणि तोही भेटत नाही. पहिल्या प्रकरणातील लुटारूंची धाड सोडली तर युद्धही नाही. कारण गेडचा खरा शत्रू त्याची स्वतःची सावलीच आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या विचारात ‘सावली’ म्हणजे माणसाने स्वतःचा नाकारलेला, दडपलेला भाग. लिहिताना आपण युंग वाचला नव्हता, असे ले ग्विन यांनी सांगितले असले, तरी पुढे ‘द चाइल्ड अँड द शॅडो’ या निबंधात त्यांनी मुलांच्या वाङ्मयाशी या संकल्पनेचे नाते स्वतःच उलगडले. त्यांच्या विचारावर ताओ तत्त्वज्ञानाचाही गाढ संस्कार होता. एक दिवा लावला तरी कोठेतरी सावली पडते, तेव्हा कृतीपूर्वी तिचा परिणाम जाणावा, हा समतोलाचा धडा रोकचे गुरू देतात. दुष्ट बाहेर आहे असे शिकवणाऱ्या कथांच्या गर्दीत, तो आपलाच भाग आहे आणि त्याला मारून नव्हे तर ओळखून माणूस पुरा होतो, असे मुलांना सांगणे हे या कादंबरीचे सर्वांत मोठे धैर्य आहे.

एका गोष्टीकडे मात्र कित्येक चाहत्यांचेही लक्ष गेले नाही. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, आणि गोरे आहेत ते धाड घालणारे कार्गाड लोक. लेखिकेने हे जाणूनबुजून केले, पण गाजावाजा न करता. त्यामुळे पुढील अनेक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेड गोरा झाला आणि २००४ च्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतही गोऱ्या नटाने ती भूमिका केली, तेव्हा ले ग्विन यांनी ‘स्लेट’ या नियतकालिकात जाहीर निषेध नोंदवला. जादूच्या कथेत स्वतःसारखा वर्ण कधीच न दिसलेल्या वाचकांना हे पुस्तक जवळचे का वाटले, याचे उत्तर या तपशिलात आहे.

स्त्रियांविषयीचा आक्षेप मात्र कोणत्याही स्पष्टीकरणाने पुसता येत नाही. रोकची शाळा केवळ मुलग्यांची आहे; गेडची मावशी खेड्यातली हलक्या दर्जाची चेटकीण आहे, आणि बायकांच्या जादूला तुच्छ लेखणाऱ्या म्हणी निवेदक विनातक्रार नोंदवतो. वर्णाचा पूर्वग्रह उलथवणारी लेखणी इथे परंपरेच्याच वाटेने गेली, हे ले ग्विन यांनी पुढे स्वतः मान्य केले. १९९० मध्ये आलेल्या ‘तेहानू’ या चौथ्या कादंबरीत त्यांनी त्याच गॉन्ट बेटावर तेनार ही मध्यमवयीन विधवा, बलात्कार करून आगीत ढकलली गेलेली एक मुलगी आणि सर्व जादू गमावलेला गेड यांना एकत्र आणले. पुरुषांच्या सत्तेने जे कधी पाहिलेच नव्हते, ते म्हणजे स्वयंपाक, शेळ्या, जखमेची शुश्रूषा आणि रात्रीची भीती, हेच कथेचा गाभा झाले. या कादंबरीला नेब्युला पुरस्कार मिळाला आणि वाचक पुन्हा दुभंगले: काहींना हा प्रिय जगाचा विश्वासघात वाटला, तर काहींना तेच जग प्रथमच पूर्ण झाल्यासारखे वाटले. ड्रॅगनच्या आगमनाने होणारा तिचा शेवट घाईचा आहे, हे मान्य करावे लागते. परंतु वीस वर्षांपूर्वी गाजलेल्या स्वतःच्याच सृष्टीतील अन्याय असा कथेतून तपासणारे लेखक फार थोडे आहेत.

म्हणून ज्या वाचकाने पहिली कादंबरी कोरडी किंवा पुरुषी म्हणून बाजूला ठेवली असेल, त्याने ‘तेहानू’ वाचल्याशिवाय अर्थसीविषयी अखेरचे मत देऊ नये. आणि जो केवळ पहिल्या कादंबरीवर प्रेम करून थांबला असेल, त्यानेही ‘तेहानू’ वाचावी.