पाणी कुणाचे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबातले कढत पाणी घंगाळात ओतताना आमच्या घरी कुणी कधी विचारले नाही, की हे पाणी कुणाचे? आपल्या विहिरीचे, म्हणजे आपलेच! वकिलीची पंधरा वर्षे मीही याच समजुतीत काढली. १९९९ साली शेजारच्या अण्णांनी मला तो प्रश्न विचारला.

त्या उन्हाळ्यात मी मळ्यात बोअर मारली. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागले. नारळ फोडला, पेढे वाटले. महिन्याभरात बांधापलीकडची अण्णांची विहीर कोरडी पडली. आजोबांनी बांधलेली ती विहीर. तिचा तळ अण्णांनी जन्मात प्रथमच पाहिला. ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. भांडायला नव्हे. म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा कायदा काय म्हणतो?"

कायदा मला पाठ होता. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम सांगतो, की ठरावीक प्रवाहाने न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत घेणे हा जमीनमालकाचा हक्क आहे. त्याआधी, १८४३ साली, इंग्लंडात असाच निवाडा झाला होता. कोळशाच्या खाणीमुळे एका गिरणीवाल्याची विहीर आटली. न्यायालय म्हणाले, हानी झाली खरी, पण कायद्याने अपराध झाला नाही. हे मी अण्णांना समजावून सांगितले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे विहीर आटली, पण कुणी आटवली नाही!" आणि उठून गेले.

खटला मी जिंकलो होतो. पण त्या रात्री झोप लागली नाही.

वाचकहो, त्या जुन्या न्यायाधीशांची एक अडचण होती. जमिनीखालचे पाणी कसे चालते, हे त्यांना दिसत नव्हते. आपल्याला आता ठाऊक आहे, की आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या भेगांतून पाणी बांध ओलांडून जाते. खडकाला सातबारा वाचता येत नाही. अज्ञानाच्या काळात मिळालेला हक्क ज्ञानाच्या काळात तसाच वापरावा काय?

कायद्यातही 'मालक' या शब्दाशेजारी दुसरा एक शब्द येऊन बसला आहे: 'विश्वस्त'. मनालीजवळ एका हॉटेलाने आपली जागा वाचवण्यासाठी बियास नदीचा ओघ वळवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितले, की नद्या, वने, किनारे यांचे सरकार हे मालक नव्हे, जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. पुढे २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले. पण कायद्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली होती. तिथे पाणी एकरांवर नव्हे, माणसांवर वाटले जाई. माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई.

आठवड्याने मी अण्णांकडे गेलो. म्हणालो, "माझ्या बोअरवरून तुमच्या हौदापर्यंत नळी टाकतो." अण्णा म्हणाले, "उपकार म्हणून टाकणार असाल, तर नको. माझंच पाणी परत देत असाल, तर टाका."

माझ्या तोंडून लगेच उत्तर निघेना. देण्यात मोठेपणा असतो. परत करण्यात कबुली द्यावी लागते. मालक दान करू शकतो. विश्वस्ताला दान करता येत नाही, त्याने हिशेब द्यायचा असतो. एवढा लहानसा फरक समजायला मला एक आठवडा आणि शेजाऱ्याची एक विहीर लागली.

"परत देतो," मी म्हणालो.

आता अण्णा नाहीत. नळी आहे. दिवाळीच्या पहाटे आमचा पंप सुरू झाला, की बांधापलीकडून त्यांच्या नातवंडांचा गलका ऐकू येतो. ते पाणी माझे आहे असे मला वाटत नाही. आणि ज्या पाण्याने मी नाहतो, तेही आता पूर्वीइतके माझे वाटत नाही.