धाब्याचा कठडा आणि पऱ्हाटीचें वावर

(वाचन : अनुवाद २२ : ८, रूथ २ : १-१६, २ शमुवेल २३ : १३-१७)



मोशेच्या नियमशास्त्रांत यज्ञ, सण व उपास यांविषयींच्या थोर आज्ञांच्या जोडीला एक अगदीं साधी आज्ञा आढळते. नवें घर बांधणारानें धाब्याच्या कडेनें कठडा उभारावा; तो न उभारल्यामुळें कोणी खालीं पडून मेला, तर त्या मनुष्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो, असा तिचा आशय आहे. वाचणारास वाटतें, ही तर गवंड्याची गोष्ट. हिचें पवित्र शास्त्रांत काय काम? परंतु कनान देशांत धाबा म्हणजे घराचें दुसरें अंगणच होतें. राहाबेनें हेर लपविले ते धाब्यावर पसरलेल्या जवसाच्या ताटांत, आणि यापो येथें पेत्र प्रार्थनेस चढला तोही धाब्यावरच. वऱ्हाडांतील मातीच्या धाब्याचीं जुनीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें अधिक फोड करून सांगणें नको.

या आज्ञेंत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. एक ही कीं, घरधन्यानें त्या मनुष्यास ढकललें काय, असा प्रश्न देव येथें विचारीत नाहीं. कड उघडी ठेविली, एवढेंच दोषास पुरे होतें. दुसरी ही कीं, पडणारा सावध होता कीं नव्हता, याचीही येथें चौकशी नाहीं. तो झोपेंत असेल, पोर असेल, मूर्ख असेल. कठडा सर्वांसाठीं आहे, आणि मूर्खासाठीं तर विशेषेंकरून आहे. जेथें आपल्या कामासाठीं दुसऱ्याचा पाय पडणार, तेथें त्याच्या जिवाची तजवीज अगोदर करून ठेवणें हें परमेश्वरानें उपासनेच्या बरोबरीनें आपल्या लोकांस लावून दिलें आहे.

आतां आपण आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे येऊं. येथील गांवांत पोटाचा मुख्य धंदा कापसाचा. मंडळींत कोणाजवळ चार-पांच एकर कोरडवाहू काळी जमीन आहे, कोणी सालगडी आहे, कोणी रोजंदार. आपला धाबा म्हणजे हें पऱ्हाटीचें वावर, आणि त्याची उघडी कड म्हणजे फवारणी.

सन २०१७ च्या खरीप हंगामांत याच जिल्ह्यांत जें घडलें तें आपल्या मंडळ्यांनीं विसरतां कामा नये. कापसावर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन जिल्ह्यांत वीसहून अधिक माणसें मेलीं व कित्येक शें लोक आजारी पडले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत रोज नवे रोगी येत होते. कोणास ओकाऱ्या होत, कोणाचे हातपाय थरथरत, कित्येकांची दृष्टि अंधुक झाली होती. हे कोण होते? बहुतेक मजूर आणि लहान कास्तकार. राज्य सरकारनें चौकशीसाठीं विशेष पथक नेमिलें, आणि कांहीं कीटकनाशकांच्या विक्रीवर त्या वेळीं तात्पुरती बंदीही घातली.

कारणें अनेक सांगण्यांत आलीं. त्या वर्षीं पऱ्हाटी मनुष्याच्या डोक्याइतकी उंच व दाट वाढली होती, म्हणून फवारा पायांवर न पडतां तोंडावर व छातीवर आला. सन २००२ मध्यें बीटी कापसास परवानगी मिळाली तेव्हां बोंडअळीची चिंता मिटली असें लोकांस वाटलें होतें. पण गुलाबी बोंडअळी त्या कापसासही पुरून उरली, आणि फवारण्या वाढल्या. दोन-दोन, तीन-तीन विषें एकाच पंपांत कालविलीं गेलीं. मोटारीचे पंप जोरानें व बारीक फवारा सोडीत. हवा उष्ण व दमट होती. आणि या सर्वांवर कळस म्हणजे मनुष्याच्या अंगावर सदरा व तोंडावर रुमाल यांवांचून कांहीं नव्हतें. पहिलीं कारणें आपल्या हातचीं नव्हतीं असें फार तर म्हणतां येईल. शेवटलें मात्र धाब्याच्या कडेसारखें प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें उघडें होतें.

येथें एका शब्दाविषयीं बोलल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. या विषास आपण सर्वजण ‘औषध’ म्हणतों. ‘औषध मारावयास गेला आहे,’ असें आई लेंकराविषयीं सहज सांगते. आमच्या मतें या एका शब्दानें पुष्कळ घात केला आहे. ज्यास औषध म्हटलें त्याची भीति कोणास वाटणार? तोच हात फडक्यास पुसून मनुष्य खर्रा मळतो व तोंडांत टाकतो. आणि तीच रिकामी बाटली धुऊन घरांत तेल ठेवावयास घेतात. जें जसें आहे त्यास तसेंच नांव देणें ही देखील सत्याची सेवा आहे. आपण आपल्या घरांत तरी त्यास विष म्हणावें.

अमुक दिवशीं उपासनेस जाणें, दानपेटींत कांहीं टाकणें, दारू व मूर्तिपूजा सोडणें, एवढ्यानें ख्रिस्ती जीवन पुरें झालें असें आपल्यांतील पुष्कळांस वाटतें. सोमवारीं सकाळीं मजुराच्या पाठीवर पंधरा-सोळा लिटरांचा पंप चढवितांना प्रभूचें नांव तेथें येतें, हें ध्यानांत येत नाहीं. पौल कलस्सै येथील मंडळीस लिहितांना चाकरांस सांगतो कीं, काम मनुष्यांसाठीं नव्हे तर प्रभूसाठीं म्हणून करा. आणि लागलीच धन्यांसही बजावतो कीं, न्यायानें व समतेनें वागा, कारण तुम्हांसही स्वर्गांत धनी आहे. पहिलें वचन आपण मजुरांपुढें वारंवार वाचतों. दुसरें वावराच्या धन्यापुढें किती वेळां वाचलें जातें, हें प्रत्येक उपदेशकानें आपल्या मनास विचारून पाहावें.

धनी म्हणतो, ‘हातमोजे दिले तरी तो घालीत नाहीं. उकडतें म्हणून काढून धुऱ्यावर ठेवतो.’ ही गोष्ट खोटी नव्हे. आश्विनांतल्या उन्हांत तोंड बांधून पाठीवर ओझें वाहणें किती जड असतें, तें वाहणारास ठाऊक. परंतु कठडा हा सावध मनुष्यासाठीं नाहीं, हें आपण वर पाहिलेंच आहे. तो काढून ठेवतो तर दुपारच्या वेळीं त्यास फवारणीस लावूंच नका. सकाळीं व संध्याकाळीं, वारा मंद असतां, वाऱ्याकडे पाठ करून काम होऊं द्या. कांहीं ठिकाणीं पंपामागें मजुरी देण्याची चाल आहे. ती आम्हांस फार वाईट दिसते. कारण जितके पंप अधिक तितके पैसे अधिक, म्हणून मनुष्य न थांबतां, न धुतां, भाकर न खातां दिवसभर विषांत चालतो. दिवसाची मजुरी ठरवा, आणि नियमशास्त्राप्रमाणें सूर्य मावळण्यापूर्वीं ती त्याच्या हातीं द्या. हातमोजे देऊन पंपामागें मजुरी ठेवणें म्हणजे एका बाजूस कठडा बांधून दुसऱ्या बाजूनें वाट काढून देणें होय.

कोणी म्हणेल, ‘आम्हीच कर्जांत बुडालों आहों, आम्ही धनी कसले?’ हेंही खरें आहे. विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं सन २००६ मध्यें प्रधानमंत्र्यांस विशेष मदत जाहीर करावी लागली, त्यांत आपला यवतमाळ होता. येथील कास्तकाराचें दुःख आम्ही हलकें करून सांगत नाहीं. कित्येक जण मजूर परवडत नाहीं म्हणून स्वतःच पंप घेतात, आणि २०१७ च्या मेलेल्यांत असेही होते. परंतु गरिबाच्या घरासही धाबा असतो. पैसा लागत नाहीं अशा कठड्याच्या विटा पुष्कळ आहेत. वारा पाहून काम करणें, दोन विषें एकत्र न कालविणें, धुऱ्यावर साबण व स्वच्छ पाण्याचा हंडा ठेवणें, गळका पंप पाठीवर न देणें, यांस काय लागतें?

मजूर बंधूंनो, तुम्हांसही सांगावयाचें आहे. तुमचें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, असें तुम्हीं बाप्तिस्म्याच्या वेळीं शिकलां. सोसण्याची ताकद दाखविण्यासाठीं उघड्या अंगानें फवारणें ही भक्ति नव्हे, शूरपणाही नव्हे. ओला झालेला रुमाल विषास थांबवीत नाहीं. उलट नाकापाशीं धरून ठेवतो. ज्याच्या घरीं चूल पेटावयाची आहे त्यास ‘मी जात नाहीं’ असें म्हणणें किती कठीण, हें आम्ही जाणतों. म्हणूनच हें ओझें एकट्या मजुरावर टाकून मंडळीनें मोकळें होऊं नये.

आणि स्त्रियांचें काय? फवारणी पुरुषाची, असें म्हणण्याची रीत आहे. पण पाणी डोक्यावर कोण वाहतें? कित्येक वावरांत पंप भरून देणारी, काठीनें तें कालविणारी, आणि रात्रीं ते भिजलेले कपडे उघड्या हातांनीं घरच्या कपड्यांबरोबर धुणारी कोण? तिचें नांव मजुरांच्या हिशेबांत नसतें. बवाजाच्या शेतांत रूथ सरवा वेंचावयास आली तेव्हां तीही कोणाच्या हिशेबांत नव्हती. परकी, विधवा, दरिद्री. तरी त्यानें आपल्या गड्यांस ताकीद दिली कीं तिला कोणी उपद्रव देऊं नये, आणि तान्ह लागल्यास त्यांनीं भरलेल्या भांड्यांतून तिनें प्यावें. बवाजाची कथा आपण विवाहाची कथा म्हणून सांगतों. पण पाहा, तो धनी स्वतः बेथलेहेमाहून वावरांत आला, त्यानें कापणी करणारांस परमेश्वराच्या नांवानें नमस्कार केला, आणि भोजनाच्या वेळीं त्यांच्यामध्यें बसला. जो धनी फवारणीच्या दिवशीं एकदां तरी धुऱ्यावर जाऊन उभा राहतो, त्यास पुष्कळ गोष्टी उपदेशावांचून कळतात.

इकडे मंडळीनें एक करावें, अशी आमची सूचना आहे. गांवोगांवच्या मंडळीजवळ लग्नकार्यासाठीं सतरंज्या व मोठीं भांडीं असतात. ज्याच्या घरीं कार्य असेल तो नेतो व घांसून परत आणून देतो. तशाच रीतीनें दोन जोड हातमोजे, डोळ्यांचे चष्मे, नाकातोंडाचे मास्क, पूर्ण बाह्यांचे अंगरखे व गमबूट मंडळीनें विकत घेऊन ठेवावेत. विश्वासी असो वा नसो, गांवांतील कोणाही फवारणाऱ्यास ते द्यावेत. संरक्षक कपडे वापरावेत असें १९६८ चा कीटकनाशकांचा कायदा व त्याखालील १९७१ चे नियमही सांगतात. पण गांवांत कायदा पोंचण्यापूर्वीं मंडळी पोंचलेली असते. ते अंगरखे मात्र सतरंज्यांच्या पेटींत ठेवूं नयेत. निराळे, कुलपांत, धुऊन ठेवावेत.

यासाठीं पैसा हंगामाच्या सणांतून काढावा. त्या दिवशीं आपण वेंचलेला कापूस टोपल्यांत भरून प्रभूच्या मेजापुढें आणतों. दावीदाची गोष्ट त्या दिवशीं वाचा. त्याला बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीच्या पाण्याची इच्छा झाली, आणि तीन वीर शत्रूच्या छावणींतून वाट काढून तें घेऊन आले. दावीदानें तें प्यालें नाहीं. ज्यांनीं आपला जीव धोक्यांत घातला त्यांचें तें रक्त आहे, असें समजून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतलें. पांढराशुभ्र कापूस वेदीपुढें ठेवतांना, तो कोणाच्या जिवाच्या मोलानें आला, हें आपणही विचारावें. २०१७ मध्यें मेलेल्या दोघांच्या विधवा व विषबाधेंतून वांचलेला एक शेतकरी यांनीं सन २०२१ मध्यें स्वित्झर्लंडांतील बाझेल येथील न्यायालयांत फिर्याद नेली. तुझा भाऊ कोठें आहे, हा काइनास विचारलेला प्रश्न इतक्या दूरच्या देशांत विचारला गेला. तो आपल्या प्रार्थनामंदिरांत विचारला जाण्यास अडचण कसली?

उपदेशक बंधूंस शेवटीं कांहीं कामाच्या गोष्टी. यवतमाळांत अनेकांनीं शास्त्राचा अभ्यास केला आहे; युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्यें पुण्यास गेली, तोंवर ती येथेंच होती. मूळ भाषांतील अक्षरें ओळखण्याचे श्रम आपल्या लोकांनीं घेतले, तर बाटलीवरील अक्षरें वाचणें अवघड नाहीं. ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या घरीं जाऊन तीं वाचून दाखवा. प्रत्येक बाटलीवर एक रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे अत्यंत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यांतल्या त्यांत सौम्य. पण हिरवाही पिण्याचा नव्हे. हे चार रंग रविवारच्या शाळेंत मुलांस शिकवा, म्हणजे तीं घरीं जाऊन बापास सांगतील. मंडळींत कोणाचें कृषि केंद्र असल्यास त्याला एकांतीं भेटून सांगा कीं, न विचारतां चार बाटल्या एकत्र कालवावयास देऊं नको.

फवारतांना कोणाचें डोकें दुखूं लागलें, मळमळलें, तोंडांतून लाळ व अंगास घाम सुटला, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर ‘पंप संपवून येतो’ असें त्यास म्हणूं देऊं नका. वावराबाहेर मोकळ्या हवेंत आणा. अंगावरचे कपडे काढून साबणानें व पुष्कळ पाण्यानें अंग धुवा; डोळ्यांत गेलें असल्यास स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ धरा. धुणारानें आपल्या हातांत मोजे घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत ताक, लिंबू, पाणी, कांहींच घालूं नका, कुशीवर निजवा. सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं गाडी करून सरकारी दवाखान्यांत न्या. आणि ज्या बाटल्यांतलें विष फवारलें त्या सर्व, त्यांवरील कागदांसह, पिशवींत घालून बरोबर न्या. कारण एका विषाचा उतारा दुसऱ्यास चालत नाहीं, कित्येकांस उताराच नाहीं, आणि कोणतें विष अंगांत गेलें हें डॉक्टरास त्या बाटलीवांचून कोण सांगणार?