भिंतीत अडकलेला गडी

सोलापूरच्या नव्या पेठेत संध्याकाळी सातनंतर चालायचं म्हणजे खांद्याला खांदा घासतच. साड्या, तयार कपडे, चपला, मधूनच मोबाइलची दुकानं. अशाच एका दुकानासमोर उभ्या दुचाकीवर दोन पोरं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. पडद्यावरचा बंदूकवाला गडी गोदामाच्या भिंतीत कमरेपर्यंत घुसलाय. पाय चालताहेत, गडी जागच्या जागी. "अडकलं की बे," एक म्हणतो. दुसरा त्याला दुरुस्त करतो, "तो नाही अडकला. गेमच चुकलाय."

चुकलाय म्हणजे नक्की काय झालं? यंत्र तर कधीच चुकत नाही. १९८० सालच्या 'पॅक-मॅन' या खेळाचं उदाहरण जगभर सांगितलं जातं. त्यात फेरीचा आकडा आठ बिटांत साठवलेला होता, म्हणजे शून्य ते २५५ एवढीच जागा. २५६व्या फेरीला आकडा उलटून शून्यावर आला आणि पडद्याच्या तळाशी मोजकी फळं काढायची ती यंत्र २५६ काढायला गेलं. उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या आणि रंगांच्या कचऱ्यानं भरून गेला. खेळणाऱ्याच्या दृष्टीनं सत्यानाश. यंत्राच्या दृष्टीनं मात्र दिलेला हिशेब शेवटच्या पैपर्यंत चोख.

ही गोष्ट सोलापूरकराला वेगळी समजावून सांगायला नको. इथली चादर जकार्डवर विणली जाते. पारंपरिक जकार्डमध्ये पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक भोक चुकीच्या जागी पडलं, की मोराच्या पिसाऱ्यात एक परका ठिपका उमटतो, आणि नक्षी जितक्या वेळा फिरून येईल तितक्या वेळा त्याच जागी उमटतो. माग बिचारा आज्ञाधारक. जोसेफ जकार्डनं १८०४च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आणलेली ही कार्डांची युक्तीच चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. त्यामुळे पोरांच्या हातातला खेळ आणि शेजारच्या दुकानात घडी घालून ठेवलेली चादर यांचं भावकीचं नातं लागतं.

आता तो ठिपका दोष कधी ठरतो? मूळ चित्र ठाऊक असेल तेव्हाच. ज्यानं नक्षी काढली त्याच्या मनात ठिपका नव्हता म्हणून तो दोष, आणि ती चादर 'सेकंड' म्हणून कमी भावात जाणार. नक्षीकारच नसेल, तर ठिपका म्हणजे नुसता ठिपका.

दोषाला कर्ता लागतो का, हा वाद आपल्याकडच्या दर्शनांत फार जुना आहे. मीमांसकांचं म्हणणं असं, की शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्यामुळे. वेदाला कर्ताच नाही, तो अपौरुषेय आहे, मग दोष येणार कुठून? न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी नेमकी उलटी बाजू धरली. वचनाला प्रामाण्य मिळतं ते विश्वासार्ह वक्त्यामुळे, आणि वेदाचा वक्ता ईश्वर. भिंतीतल्या गड्याच्या प्रकरणात दुसरं पोरगं पक्कं नैयायिक म्हणायचं. गेम चुकला असं म्हणताना त्यानं गेमचा कर्ता आणि त्याचा हेतू, दोन्ही गृहीत धरले.

पण कर्त्याचा हेतूही कुठं खुंटीला बांधलेला असतो? तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात धावू लागतात. तसं ठरलेलं नव्हतं. चित्रं कमी झाली, की कमकुवत यंत्राचा भार हलका व्हायचा, एवढंच. निशिकादोंना ते आवडलं, त्यांनी राहू दिलं. ठिपका नक्षीत आला.

याहून मजेदार किस्सा गांधीजींचा. १९९१च्या 'सिव्हिलायझेशन' या खेळात म्हणे गांधींची आक्रमकता एक होती. लोकशाही स्वीकारली की त्यातून दोन वजा व्हायचे, आकडा उलटून २५५ व्हायचा आणि महात्माजी अणुबॉम्ब टाकत सुटायचे. खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२०च्या आत्मकथनात सांगून टाकलं, की असा बग कधी नव्हताच. मात्र २०१०च्या पाचव्या आवृत्तीत गांधींना अणुबॉम्बची ओढ मुद्दाम, गंमत म्हणून दिली गेली होती. गांधींच्या अटकेनंतर १९३०मध्ये पेटून उठलेल्या आणि मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरला ही गंमत कितपत रुचेल, कोण जाणे.

इकडे दुचाकीवरच्या पोरांचा खटला तेवढ्यात फिरलेला असतो. भिंतीतल्या गड्याला कुणाची गोळी लागत नाही, त्याची मात्र सगळ्यांना लागते. "काढू नको बे, राहू दे तसंच!" ही हाक नैयायिकाचीच.

भिंतीत अडकलेल्या गड्याला कुणी विचारत नाही. त्याच्या बाजूनं पाहिलं तर काय दिसेल? दुसऱ्या एका खेळात ते दिसलं होतं. सप्टेंबर २००५मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात एका राक्षसाच्या शापानं होणारा आजार त्याच्या ठाण्याबाहेर पडायला नको होता. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो शहरांत पोचला. दुबळी पात्रं पटापट मेली, काही खेळाडू पळाले, काही उपचाराला धावले, काहींनी मुद्दाम लागण पसरवली. पुढे साथरोगाच्या अभ्यासकांनी त्यावर लेख लिहिले. कंपनीच्या लेखी तो बग होता. खेळातल्या शहराच्या लेखी साथ.

खेळाबाहेरच्या जगातही चूक कुणाची, हा प्रश्न पडतोच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीत जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. कालच निरोप दिलेल्या देवानं असं का केलं, हा प्रश्न त्या ढिगाऱ्यांवर विचारला जाणं स्वाभाविक होतं. त्या प्रश्नातही एक कर्ता आणि त्याचा हेतू बसलेला आहे. भूगर्भाला हेतू नाही, त्यामुळे चूकही नाही. तिथं हेतू होता तो भिंतींना. मातीत रचलेल्या त्या जाड दगडी भिंती अंगावर कोसळल्या म्हणून इतके जीव गेले. कुणाच्या तरी आज्या-पणज्यानं त्या हौसेनं बांधल्या होत्या, उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून.