यादी की फळा?
मिरगाआधी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या कुणबी घरांत कामांची झुंबड उडते. कौलं शाकारायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, कंदांची लागवड करायची. एकट्याचं काम असेल तर कागदावरची यादी पुरे. लिहावं, झालं की खोडावं.

पण हात अनेक असले की यादी अपुरी पडते. ती झालेलं आणि राहिलेलं सांगते, अडलेलं सांगत नाही. कौलं आली, सुतार आला नाही. हे यादीत कुठे दिसणार? अशा वेळी फळा कामी येतो.

जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी कानबान ही कार्डांची पद्धत रुजवली. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल तयार करायचा नाही. आजच्या कामाच्या फळ्यांचं मूळ तिथे आहे. घरच्या भिंतीवर खडूने तीन रकाने आखले तरी चालतं: करायचं, चालू, झालं. मधला रकाना भरला की नवं काम घ्यायचं नाही. माझ्या मते फळ्याची सगळी किंमत या एका नियमात आहे, रंगीत चिठ्ठ्यांत नाही. हा नियम पाळायचा नसेल, तर यादीच बरी. आज घरात विचारून बघा, कुठलं काम कुणासाठी अडून राहिलंय?