नानांचा तक्ता

रास लफानच्या गॅस प्रकल्पात नाना मेंटेनन्सला होते. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात हात बसला आणि मग कतारला आले. राहायला दक्षिणेकडे अल खोरला, कंपनीच्या वसाहतीत. नवे पंप किंवा व्हॉल्व्ह घ्यायचे असले की तांत्रिक छाननीला नानांना बसवत, आणि ते बसले म्हटलं की पुरवठादारांना घाम फुटायचा. दोन लिफाफ्यांची पद्धत. पहिल्यात माल काय ते, दुसऱ्यात भाव. पहिल्यात पास झाल्याशिवाय दुसरा फोडायचाच नाही. कंपनी किती जुनी, कारखाने किती, हे कॅटलॉगचं पहिलं पान नाना वाचतसुद्धा नसत. वायू उणे १६२ अंशांवर नेऊन द्रवरूप करायचा असतो. तिथे विचारायचं एकच, आमच्या दाबाला आणि आमच्या तापमानाला हा व्हॉल्व्ह टिकेल का?

थोरली बारावीला गेली आणि नाना हे सगळं साफ विसरले.

एका शुक्रवारी त्यांनी एक्सेलमध्ये विद्यापीठांचा तक्ता केला. पोरीला केमिकल इंजिनिअरिंग हवं होतं. रकाने चार: स्थापना, विद्यार्थी, कॉलेजं, रँकिंग. मुंबई १८५७, पुणे १९४९, कतार विद्यापीठ १९७७. सगळ्यात वर मात्र टेक्सास ए अँड एम. अमेरिकेतलं सरकारी विद्यापीठ, तिकडे सत्तर हजारांहून जास्त विद्यार्थी, आणि २००३ पासून त्याची शाखा दोह्याच्या एज्युकेशन सिटीत. म्हणजे पोर घरची घरी. नानांनी ती ओळ हिरवी केली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासच्या नियामक मंडळाने ठराव केला की दोह्याची शाखा २०२८ पर्यंत बंद करायची. नाना दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. विद्यापीठाचा आकार तेवढाच होता, रँकिंगही तेवढंच. शाखा मात्र करारावर उभी होती आणि कराराला नानांच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

मग पोरीने तक्ता आपल्याकडे ओढला.

"बाबा, मुंबई विद्यापीठ म्हणजे मी नक्की कुठे जाऊन बसायचं?"

प्रश्न साधा होता, पण नाना अडखळले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ उभं राहिलं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. ती घडण अजून पुष्कळशी तशीच आहे. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतची कॉलेजं या एका नावाखाली येतात. पुण्याच्या नावाखाली नाशिक आणि नगरसुद्धा. कतार विद्यापीठ आपल्याच आवारात शिकवतं (मुलामुलींच्या इमारती वेगळ्या, पण विद्यापीठ एकच). या तिघांचे विद्यार्थी मोजून एका रकान्यात मांडायचे, यात तुलना कसली? बरं, मोठेपणाची किंमतही असते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकावर तपासायला घेतल्या; निकाल महिनोन्‌महिने लटकले, आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. लाखो उत्तरपत्रिकांचा गाडा एकदा रुतला की कॉलेज कितीही चांगलं असो, मुलं अडकतातच.

पोरीने फोन लावायला घेतले. वसाहतीतल्या कुणाचा भाचा, कुणाची पुतणी. सगळ्यांना प्रश्न तेच: प्रॅक्टिकलला एका सेटअपवर किती जण? गेल्या सेमिस्टरचा निकाल कधी लागला? तुमच्या विभागात कायम नेमणुकीचे प्राध्यापक किती? एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांतून दोन उत्तरं आली. एकीकडे चौघे. दुसरीकडे बारा, त्यातले आठ नुसते बघतात आणि रीडिंग आधीच्या बॅचच्या जर्नलातून उतरवतात. पदवीवर शिक्का दोघांच्याही एकच बसणार.

नानांनी कान टवकारले. ही भाषा त्यांच्या ओळखीची होती.

"आणि माटुंग्याची ही संस्था तुम्ही घेतलीच नाही."

"लहान आहे ती."

लहान खरी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेलं यूडीसीटी, २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ: इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. रघुनाथ माशेलकर इथलेच. चाळीस वर्षं रसायनांत घालवलेल्या माणसाने केमिकलला जाणाऱ्या मुलीच्या तक्त्यातून नेमकी हीच ओळ गाळावी! पण मोठ्या आकड्यांची भूल पडते ती अशी.

मग दोघांनी नवा तक्ता केला, दोन लिफाफ्यांचा. पहिल्यात विभाग, प्रयोगशाळा, निकाल, पदवी कोण देणार. दुसऱ्यात फी आणि रँकिंग. आणि पोरीने एक रकाना असा घातला जो नानांना सुचलाच नव्हता: आपल्याला दार कुठलं उघडं आहे? आखाती देशांत नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी तंत्रशिक्षणात वेगळ्या जागा असतात. एनआयटींच्या अशा जागा, नागपूरच्या व्हीएनआयटीसकट, 'डासा' योजनेतून जेईई मेनच्या क्रमांकावर भरतात. वर्षानुवर्षं कतारात काढूनही नानांना याचा पत्ता नव्हता.

पहिल्या लिफाफ्यात तीन ठिकाणं पास झाली. त्यांत माटुंगा होतं, व्हीएनआयटी होतं, आणि नानांना अनपेक्षित असं कतार विद्यापीठही होतं. पोरीने तिन्हीकडे अर्ज केले, चौथीकडे नाही.

हल्ली वसाहतीत कुणी नानांना गाठून "मुंबई बरं की पुणं?" असं विचारलं की ते उत्तर देत नाहीत. आधी कॉलेजचं आणि विभागाचं नाव विचारतात. ते ठरलेलं नसेल तर म्हणतात, "ठरवून ये. आणि तिथल्या शेवटच्या वर्षातल्या दोघांना फोन लाव. तिसरा प्राचार्यांना लावलास तरी चालेल, पण आधी ते दोन."